पुढच्या वर्षीची परदेशवारी: सुट्ट्या आपल्या बघायच्या की त्यांच्या?

मेहरूणकर | २४ मे २०२६, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आज जळगावात दिवसभर पंख्याखाली पडून मोबाईलवर २०२७ चं कॅलेंडर चाळलं. पहिल्यांदाच देशाबाहेर जायचं ठरतंय. मी, सौ. आणि सहावीतला मुलगा. माय घरीच राहील म्हणते.

मी एमआयडीसीत चटईच्या कंपनीत ऑफिसला आहे, साप्ताहिक सुट्टी फक्त रविवार. सौ. जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. म्हणजे दोघांच्या सुट्ट्या जुळवायच्या तर पत्रिका जुळवण्यापेक्षा अवघड. त्यात पुढच्या वर्षी १५ ऑगस्ट रविवारनं गिळलाय. तरी दोन फटी सापडल्या:

पहिली फट मार्चमध्ये. २२ मार्च सोमवार धुळवड, २६ मार्च शुक्रवार गुड फ्रायडे. मधले तीन दिवस आणि शनिवार अशा चार रजा टाकल्या की रविवार ते रविवार आठ दिवस. यात जर्मनी-स्वित्झर्लंड.

दुसरी मे महिन्यात. १ मे शनिवार, २ ला रविवार, पुढे सहा रजा आणि ९ तारखेला रविवारी परत. यात जपान. इकडे भुसावळ पंचेचाळीसवर तापलेलं असताना तिकडे छान हवा, असं ऐकून आहे.

कोणती निवडू? आणि आपल्या सुट्ट्या बघून तारखा ठरवतो तशा त्यांच्याही बघाव्या लागतात का? ट्रॅव्हलवाला म्हणतो, "कशाला, तिकडे बारा महिने सगळं उघडं असतं."

---

भरीतभाकरी | रात्री ९:५२

ट्रॅव्हलवाल्याचं दुकान बारा महिने उघडं असतं, एवढंच त्यातलं खरं.

---

पाटणादेवी | रात्री १०:१५

मेहरूणकर भाऊ, १ मेचं तिकीट काढलं नसेल तर हात जोडते, थांबा. जपानमध्ये त्या दिवसांना गोल्डन वीक म्हणतात. २९ एप्रिल शोवा दिन, ३ मे संविधान दिन, ४ मे हरित दिन, ५ मे बालदिन. पुढच्या वर्षी २९ ला गुरुवार आणि ३, ४, ५ ला सोमवार-मंगळवार-बुधवार. मधला एक शुक्रवार रजा टाकली की सलग सात दिवस. म्हणजे तुम्ही कॅलेंडरात जी फट शोधलीत, तीच अख्ख्या जपाननं शोधून ठेवलीय.

आम्ही चाळीसगावहून २०२४ ला गेलो होतो. ३ मेला टोकियोहून क्योतोला निघायचं होतं. माझ्या यजमानांचा हिशेब असा, की बुलेट ट्रेनला बिनआरक्षित डबे असतात, आयत्या वेळी चढू. स्टेशनवर गेल्यावर कळलं की नोझोमी नावाची जी सगळ्यात जलद गाडी, ती गोल्डन वीक, ओबोन आणि वर्षअखेर या तीन हंगामांत पूर्णपणे आरक्षित असते. मग हिकारी या दुसऱ्या गाडीच्या बिनआरक्षित डब्यासाठी रांग लावली. फलाटावर रेघा आखलेल्या, माणसं रेघेवर मुकाट उभी, कुणी कुणाला ढकलत नाही. पण जागा काही मिळाली नाही. डब्याच्या दाराजवळ, बॅगेवर एक नितंब टेकवून नागोयापर्यंत गेले. यजमान म्हणाले, "चाळीसगावहून धुळे पॅसेंजरला बसायला मिळतं गं."

क्योतोतल्या देवळांत तर रांगेतून पुढच्या माणसाचा सदरा तेवढा दिसला.

---

मेहरूणकर | रात्री १०:२१

अरे देवा. पाटणादेवी ताई, बरं झालं विचारलं. म्हणजे मार्चच पक्का?

---

धुळ्याचा_म्युनिककर | २५ मे, मध्यरात्री १:०५

मार्चचंही ऐकून घ्या. गुड फ्रायडे तुमच्याकडे एक लाल चौकोन आहे. इथे तो मुक्कामी सण आहे. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला. जर्मनीत शुक्रवार बंद, शनिवारी अर्धं गाव खरेदीला बाहेर, रविवार बंद, ईस्टर मंडेचा सोमवार पुन्हा बंद. बंद म्हणजे आपल्यासारखं अर्धं शटर उचलून "काय पाहिजे काका?" असं नाही. किराणासुद्धा मिळत नाही.

माझ्यावर बेतलेला प्रसंग सांगतो. दोन वर्षांपूर्वी आई-वडील शिरपूरहून आले. मे-जूनमध्ये बव्हेरियात फ्रोनलाइखनाम नावाची सुट्टी असते, नेहमी गुरुवारी. मी इथे सहा वर्षं राहतोय, तरी विसरलो. बुधवारी ऑफिसातून साडेआठला निघालो. इथली दुकानं आठला बंद होतात. सकाळी आई उठली, फ्रिज उघडला, दूध संपलेलं. म्हणाली, "खाली जाऊन घेऊन ये." खाली सगळं बंद. अप्पा खिडकीतून रिकामा रस्ता बघत म्हणाले, "कर्फ्यू लागलाय का रे?" शेवटी आईनं स्वतःच्या बॅगेतून दूध पावडरीचा पुडा काढला. तो मी विमानतळावर तिला टाकून द्यायला सांगत होतो. चहा पिताना तिनं माझ्याकडे जे बघितलं ते अजून आठवतं.

आणखी एक. ही सुट्टी जर्मनीतल्या सगळ्याच राज्यांत नसते. बर्लिनमध्ये तो साधा गुरुवार. म्हणून "जर्मनीच्या सुट्ट्या" असं शोधू नका, ज्या राज्यात उतरणार त्याच्या शोधा. आउग्सबुर्ग शहराला तर ८ ऑगस्टची स्वतःची वेगळी सुट्टी आहे, शेजारच्या गावाला नाही.

(अडलंच तर मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात. भाव चढा.)

---

तापीपार | सकाळी ७:३०

यात नवल काय? आपल्याकडेही जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात. एका जिल्ह्यात ऑफिसं बंद, तापी ओलांडली की चालू. मी एकदा कागद घेऊन नंदुरबारला गेलो आणि कुलूप बघून आलो होतो.

---

रोमन_सुट्टी | सकाळी ८:१०

म्युनिककर दादांचं जर्मनीपुरतं बरोबर, पण त्यावरून सगळं युरोप बंद समजू नका. इटलीत गुड फ्रायडेला सार्वजनिक सुट्टीच नाही, फ्रान्समध्येही अल्सास-मोझेलचा भाग सोडला तर नाही. कॅथलिक देश असून नाही, आणि आपल्या महाराष्ट्रात आहे. इटलीत सोमवार मात्र सुट्टीचा, त्याला पास्क्वेत्ता म्हणतात, तेव्हा घरची माणसं डबे घेऊन रानात जातात. अगदी आपलं वनभोजन.

१५ ऑगस्ट मात्र इटलीत लक्षात ठेवा. आपला स्वातंत्र्यदिन आणि त्यांचा फेर्रागोस्तो एकाच तारखेला. शहरं ओस आणि समुद्रकाठी पाय ठेवायला जागा नाही. आम्ही त्या दिवशी रोममध्ये "छान, आज गर्दी कमी आहे" म्हणत फिरलो आणि दुपारी जेवायला पाच ठिकाणी "सुट्टीवर आहोत" असा हातानं लिहिलेला कागद वाचला.

---

हजेरीबुक | सकाळी १०:४५

मी एचआरला आहे, म्हणून वेगळाच प्रश्न. मेहरूणकर, गुड फ्रायडे तुमच्या कंपनीत सुट्टी आहे का? लाल शाईतला प्रत्येक दिवस खासगी नोकरीत सुट्टी नसतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि बाकीच्या चार मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या. कारखान्याचे नियम वेगळे, पण रीत हीच. राष्ट्रीय सुट्ट्या ठरलेल्या, सणांच्या यादीवर घासाघीस. फलकावर लावलेली यादी बघा. मोबाईल तुम्हाला दिल्लीच्या बाबूच्या सुट्ट्या दाखवतो.

---

मेहरूणकर | सकाळी ११:२०

हजेरीबुक साहेब, आत्ता जाऊन फलक बघितला. गुड फ्रायडे नाही!! म्हणजे चारऐवजी पाच रजा.

आमच्या चार सणांत काय आहे म्हणाल तर: होळीची धुळवड, दसरा, दिवाळी, आणि... आखाजी (अक्षय्य तृतीया).

---

अमळनेरची_सून | सकाळी ११:२४

आणि पुढच्या वर्षीची आखाजी किती तारखेला आहे, भाऊ?

---

मेहरूणकर | सकाळी ११:२५

या वर्षी १९ एप्रिलला झाली ना, म्हणजे पुढच्या वर्षी ८-१० दिवस मागे येईल?

---

अमळनेरची_सून | सकाळी ११:३१

मागे नाही, पुढे. सध्या अधिक महिना चाललाय ना, धोंड्याचा? सण दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिक आला की एकदम पुढे उडी. पंचांगाप्रमाणे २०२७ ची अक्षय्य तृतीया ९ मे, रविवार.

तुमचं जपानचं विमान कधी उतरतंय म्हणालात?

---

भरीतभाकरी | सकाळी ११:३३

😂😂 ९ तारखेला रात्री भुसावळ स्टेशनला उतरून थेट पितरांच्या घागरीला नमस्कार.

---

आबा_शिंदखेडा | सकाळी ११:५०

आखाजी सोडीसन कथा चालना रे भो? बहिणी माहेरले येतीन आन् भाऊ जपानमा!

---

मेहरूणकर | दुपारी १:१५

आबा, लाजवलंत. मोबाईलच्या यादीत आखाजी नव्हतीच, म्हणून डोक्यातच आलं नाही. एक बहीण पाचोऱ्याला दिलीय, एक नाशिकला. दोघी येणार. वडिलांना जाऊन तीन वर्षं झाली, त्यांची घागर मी भरतो. माय स्पष्टच म्हणाली, "जा कुठं जायचं तिथं, पण घागर भरून जा." दुपारच्या जेवणाला हा विषय निघाला आणि सौ.नं वर्षाच्या आत पहिल्यांदा सासूची बाजू घेतली.

---

पाटणादेवी | दुपारी १:४०

मला यात एक गंमत दिसतेय. जपानमध्ये ऑगस्टच्या मध्याला ओबोन असतो, बहुतेक ठिकाणी १३ ते १६. गेलेले पूर्वज घरी येतात म्हणून दिवे लावतात, थडगी धुतात, शहरातली माणसं गावाकडे पळतात. गाड्या तुडुंब. आणि सरकारी सुट्ट्यांच्या यादीत ओबोन नाही! कंपन्या आपल्या आपण रजा देतात. (११ ऑगस्टला पर्वत दिन नावाची वेगळी सुट्टी आहे, तिचा याच्याशी संबंध नाही.)

आता सांगा, आखाजीत आणि यात फरक काय? पितरांची घागर, गावाकडे धाव, एसटीला लटकलेली माणसं, आणि राज्याच्या यादीत नाव नाही. तो टोकियोचा माणूस यादी बघून आखाजीला जळगावला आला तर म्हणेल, रविवारच तर आहे, गर्दी कसली!

---

पासबुक | दुपारी २:०५

पाटणादेवी, टाळ्या.

मी बँकवाला. माझ्याकडून मार्चबद्दल मत घेऊ नका, मार्च हा शब्द उच्चारला तरी छातीत कळ येते. २०२५ ला ३१ मार्चला रमजान ईद होती, सुट्टीचा दिवस. रिझर्व्ह बँकेनं सरकारी व्यवहारांसाठी बँका उघड्या ठेवायला सांगितल्या. शीरखुर्म्याचं निमंत्रण होतं, मी चलनं मोजत होतो.

आमच्याकडे आणखी एक गंमत. संवेदनशील जागेवर असाल तर वर्षातून सलग किमान दहा कामाचे दिवस सक्तीची रजा, आणि तीही आधी न सांगता. म्हणजे एका सकाळी कळतं की आजपासून घरी. रजा हातात, पण व्हिसा नाही, तिकीट नाही. मी ते दहा दिवस उनपदेव आणि पाटणादेवीत काढले. (देवीच्या देवळात. या ताईंकडे नाही.)

---

साक्रीवाला | दुपारी ४:३०

पासबुक भाऊ, त्याच २०२५ च्या मार्चची माझी कथा ऐका. २९ ला शनिवार, ३० ला रविवारी गुढीपाडवा, ३१ ला सोमवारी ईद. तीन दिवस फुकट! मित्रांनी बाली ठरवलं. २८ ला संध्याकाळी पोचलो. रस्त्यावर बांबू-कागदाचे दोन मजली राक्षस खांद्यावर नाचवत होते, ढोल, मशाली. म्हटलं वा, आपल्या स्वागताला.

हॉटेलवाल्यानं किल्ली देताना हात जोडून सांगितलं, उद्या सकाळी सहापासून परवा सकाळी सहापर्यंत बाहेर पडायचं नाही. आम्हाला वाटलं मस्करी. मस्करी नव्हती. तो न्येपी, त्यांच्या शक संवत्सराचा पहिला दिवस. मौन पाळायचं, दिवा नाही, प्रवास नाही, काम नाही. विमानतळसुद्धा चोवीस तास बंद! रस्त्यावर चौकटीचं लुंगीसारखं वस्त्र नेसलेले गावचे पहारेकरी. मोबाईलचं इंटरनेट बंद. रात्री पडदे ओढून, मंद दिव्यात, चार धुळेकर पत्ते कुटत बसलो आणि आवाज वाढला की एकमेकांच्या तोंडावर हात. सोबत नेलेली शेव पहिल्याच दिवशी संपली.

पण खरं सांगू? रात्री अकराला दोघं हळूच गॅलरीत गेलो. अख्ख्या बेटावर एक दिवा नाही. असलं चांदणं मी लहानपणी साक्रीच्या मळ्यात बघितलं होतं, लाईट यायच्या आधी.

आपला पाडवा आणि त्यांचा न्येपी दोन्ही शक दिनदर्शिकेचे. या वर्षी तर १९ मार्चला एकाच दिवशी आले. गुढीपाडव्याला बालीचा बेत करणाऱ्यांनी आधी न्येपी बघावा. तीन फुकट दिवसांतला एक आम्ही खोलीत घालवला आणि परतीला ईदची गर्दी, कारण इंडोनेशियाही तेव्हाच गावाकडं निघालेला.

---

केळीबाग_रावेर | सायंकाळी ६:५०

तुम्हा नोकरदारांचं बरं आहे, सुट्टी शोधता तरी. केळीला रविवार नसतो. कापणीची गाडी लागली की लागली.

२०१८ ला आम्ही शेतकरी मंडळी ठिबक बघायला इस्रायलला गेलो होतो. शुक्रवारी दुपारी जेरुसलेमला पोचलो आणि सूर्य मावळायच्या आधी दुकानं धडाधड बंद. बस बंद, ट्राम बंद, शनिवारी रात्रीपर्यंत. हॉटेलची लिफ्ट दर मजल्यावर आपसूक थांबायची, दार उघडायचं, मिटायचं, कुणी बटण दाबत नव्हतं. आमच्या फैजपूरच्या नानांना वाटलं लिफ्ट बिघडली. ते नऊ मजले जिन्यानं चढले. नंतर कळलं की शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, बटण दाबणंही काम धरतात, म्हणून ती सोय. नाना म्हणाले, "बटण दाबणं काम असेल तर मी जन्मभर फुकट राबलो."

तेव्हा वर्षाच्या सुट्ट्यांबरोबर त्या देशाचा आठवड्याचा वारही बघा. दुबईत २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी आणि शुक्रवारी अर्धा दिवस आहे. जुन्या माणसाला विचाराल तर तो अजून शुक्रवार-शनिवार सांगेल.

---

रोमन_सुट्टी | सायंकाळी ७:२०

दुबईचं निघालं म्हणून: १९ फेब्रुवारी २०२७ ला शुक्रवारी शिवजयंती येते. शनिवार सुट्टीवाले त्यावर उडी मारतील. पण तेव्हा तिथे रमजान चालू असेल. जायला हरकत नाही, संध्याकाळचा इफ्तारचा माहोल बघण्यासारखा असतो, फक्त दिवसभराचं वेळापत्रक बदललेलं असतं. आणि श्रीलंकेला जाणार असाल तर प्रत्येक पौर्णिमा सुट्टी. पोया म्हणतात. त्या दिवशी दारूचं दुकान बंद.

---

भरीतभाकरी | सायंकाळी ७:२२

श्रीलंका रद्द.

---

उलटा_चष्मा | सायंकाळी ७:५५

तुम्ही सगळे गर्दी टाळायच्या युक्त्या देताय. माझं मत उलट. सण असेल तेव्हाच जा. नुसत्या इमारती बघायच्या तर फोटोत बघा. थायलंडला १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान असतो, रस्त्यावर पाण्याची धुळवड. मधला १४ एप्रिल आपल्याकडेही सुट्टी. बाहेरची माणसं सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या घोडेबाजाराला येतात, ती गर्दी टाळायला येतात का? गर्दी हाच तर कार्यक्रम. साक्रीवाल्याला अख्ख्या सहलीतलं काय आठवलं? तो बंद दिवसच ना?

---

पाटणादेवी | रात्री ८:२०

उलटा_चष्मा, सण बघायला ठरवून जाणं वेगळं आणि सणात सापडणं वेगळं. सारंगखेड्याला जाणाऱ्याला घोडे बघायचे असतात. मला क्योतो बघायचं होतं, मी नागोयापर्यंत बॅग बघितली.

---

उलटा_चष्मा | रात्री ८:२६

मान्य. पण अर्धंच.

---

धुळ्याचा_म्युनिककर | रात्री ८:५०

जपानच्या सुट्ट्यांबद्दल एक हेवा वाटतो. सुट्टी रविवारी आली की पुढच्या साध्या दिवशी भरपाई, कायद्यानं. आणि दोन सुट्ट्यांच्या मध्ये एकच कामाचा दिवस अडकला तर तोही सुट्टी. ब्रिटनमध्येही वीकेंडला आलेल्या बँक हॉलिडेची भरपाई पुढच्या कामाच्या दिवशी मिळते. इथे जर्मनीत नाही, रविवारची सुट्टी गेली ती गेली. त्या बाबतीत आम्ही जळगावकरांचे भाऊबंद.

---

कानबाई_रोट | रात्री ९:१५

आपला कानबाईचा सण मात्र नागपंचमीनंतरच्या रविवारीच! रजेचा प्रश्न नाही. पूर्वजांनी एचआरचा विचार केला होता.

---

हजेरीबुक | रात्री ९:१८

रविवार तुमचा. सोमवारी विसर्जन करून अर्धी फॅक्टरी गैरहजर असते, ते कुणाच्या नावावर टाकू?

---

फळा_खडू | रात्री १०:०५

विषय परत मूळ प्रश्नाकडे नेते. मी पण झेडपी शिक्षिका, पारोळा तालुका. मेहरूणकर भाऊ, वहिनींच्या बाजूनं तीन गोष्टी.

मार्चमध्ये चार-पाच दिवस सलग रजा मिळणं जवळपास अशक्य, परीक्षेची तयारी असते आणि तुमचा मुलगाही परीक्षेलाच बसणार. फेब्रुवारीचा तर विचारच नको. २०२७ च्या जनगणनेची मुख्य गणना फेब्रुवारीत आहे, त्यात शिक्षक नसतील असं वाटतं का कुणाला? मे महिनाच खरा. पण उन्हाळी सुट्टी असली तरी देशाबाहेर जायला पूर्वपरवानगी लागते. "सुट्टीच तर आहे, कुणाला कळतंय" म्हणून जाऊ नका. अर्ज लवकर द्या. माझी फाईल एका टेबलावर दीड महिना झोपली होती, कारण त्या टेबलाचे साहेब स्वतः सुट्टीवर होते.

आणि व्हिसासाठी तारीख मोजताना वकिलातीच्या सुट्ट्या बघा. त्यांची वेगळी यादी असते, काही सुट्ट्या आपल्या, काही त्यांच्या. कामाचे दिवस म्हणतात ते त्या यादीतल्या सुट्ट्या वजा करून. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या एकत्र व्हिसाचा, अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. जपानच्या ऑफिसांना २९ डिसेंबर ते ३ जानेवारी सुट्टी असते.

---

मेहरूणकर | २६ मे, रात्री ९:३०

सगळ्यांचं दोनदा वाचलं. एकदा स्वतः, एकदा मायला मोठ्यानं वाचून दाखवलं. न्येपीचं ऐकून ती म्हणाली, "असा एक दिवस आपल्याकडे पाहिजे, डीजेवाल्यांसाठी."

ठरलं ते असं. जपानच, पण ९ मेला आखाजी करून. १० ला बहिणींना पोचवायचं, ११ ला आम्ही निघायचं, २० पर्यंत परत. गोल्डन वीक ५ तारखेला संपलेला असेल. पाटणादेवी ताई, तोपर्यंत तिकडची गर्दी ओसरते ना? रजा आठ-नऊ जातील. हजेरीबुक साहेबांसारखाच आमचाही एचआर आहे, त्याला मिठाई नेऊन बघतो.

---

पाटणादेवी | रात्री ९:४४

ओसरते. गोल्डन वीकनंतर ते जूनच्या पावसाच्या आधी, हे दिवस उत्तम. चेरीचा बहर गेलेला असेल, तेवढं सोडा.

---

तापीपार | रात्री ९:५८

मुंबईपर्यंत कसे जाणार? विमानाचं तिकीट आत्ता काढाल, पण रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच उघडतं. ११ मेच्या गाडीसाठी १२ मार्चला सकाळी आठ वाजता मोबाईल घेऊन बसा. लग्नसराई, उन्हाळी सुट्टी आणि आखाजीहून परतणारी माणसं, तिन्ही एकाच गाडीत. टोकियोची जागा पक्की आणि जळगाव-मुंबई वेटिंग ४३, असं व्हायला नको.

---

मेहरूणकर | रात्री १०:०२

१२ मार्च लिहून ठेवलं. फ्रिजवर चिकटवलं.

---

अमळनेरची_सून | रात्री १०:१०

बहिणींना १० ला पोचवणार म्हणता, पण त्यांना विचारलंत का? आम्ही माहेरी आलो की आठ दिवस हलत नाही.

---

मेहरूणकर | रात्री १०:३५

नाशिकच्या बहिणीला आत्ताच फोन केला. म्हणते, तुम्ही जा, मी मायजवळ थांबते २० पर्यंत, तसंही मुलांना सुट्टी आहे. म्हणजे घराचाही प्रश्न सुटला.

बदल्यात तिला जपानहून काय आणायचं याची यादी यायला सुरुवात झालीय. पहिला नंबर: स्वयंपाकाची सुरी.

---

आबा_शिंदखेडा | रात्री १०:४१

मन्हाकरता काहीच आणू नको. फक्त घागरवरनं डांगर (खरबूज) चांगलं निवडजो.